शीर्षक एका पानावर, मजकूर दुसऱ्या

चुडावा (जि. परभणी) : पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यानच्या लोहमार्गावर वसलेले चुडावा हे पूर्णा तालुक्यातील गाव. येथून निघणाऱ्या कागदाला बराच प्रवास घडतो. तहसीलचे काम पूर्णेला, जिल्ह्याचे परभणीला, तर विद्यापीठाचे नांदेडला. पूर्वी हा प्रवास एसटीने किंवा रेल्वेने, पिशवीत घडी घातलेल्या कागदाच्या रूपात होत असे. आता कागदाऐवजी फाइल जाते. ती पेन ड्राइव्हवरून जाते, ई-मेलने जाते किंवा भ्रमणध्वनीवरून पुढे ढकलली जाते. कागद कोठेही नेला तरी त्यावरची ओळ जागची हलत नाही. फाइल मात्र प्रत्येक नव्या संगणकावर नव्याने मांडली जाते आणि गावात नीट दिसलेले पान तालुक्याला वेगळ्याच ठिकाणी तुटते.

याचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे पानाच्या तळाशी एकटे उरलेले शीर्षक. ‘ठराव क्रमांक ५’ एवढेच शब्द दुसऱ्या पानाच्या शेवटी असतात. ठरावाचा मजकूर, सूचक आणि अनुमोदक यांची नावे तिसऱ्या पानावर जातात. दिसायला हा किरकोळ दोष आहे. परंतु ग्रामसभेच्या ठरावाची प्रत एखाद्या प्रकरणाला जोडायची असते तेव्हा हवे तेवढेच पान छायांकित केले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. मग तिसऱ्या पानाच्या छायाप्रतीवर ठराव आहे, पण त्याला क्रमांक नाही. दुसऱ्या पानावर क्रमांक आहे, पण ठराव नाही. हा कागद नेमका कोणत्या ठरावाचा, असे टेबलापलीकडून विचारले गेले की अर्जदाराला परत फिरावे लागते.

याहून गंभीर प्रकार स्वाक्षरीचा. अर्ज, करारनामा किंवा प्रतिज्ञापत्र यांचा सर्व मजकूर पहिल्या दोन पानांत मावतो आणि तिसऱ्या पानावर केवळ ‘आपला विश्वासू’, स्वाक्षरी आणि दिनांक उरतो. ज्या पानावर स्वाक्षरी आहे पण मजकुराचा एकही शब्द नाही, ते पान कोणत्याही मजकुरामागे जोडता येते. जाणते दस्तलेखक म्हणूनच स्वाक्षरीच्या वर मजकुराच्या निदान दोन ओळी राहतील, अशी काळजी घेतात आणि प्रत्येक पानावर सही घेतात. टंकलेखन यंत्राच्या काळात हे सोपे होते. कागद कोठे संपतो ते समोर दिसत असे आणि टंकलेखक दोन ओळी आधीच थांबून पान बदलत असे. संगणकाला मात्र तसे सांगावे लागते.

संगणक ‘चुकतो’ तो का, हे समजून घेणे आवश्यक आहे. शब्दप्रक्रिया करणाऱ्या आज्ञावलीच्या दृष्टीने आपला दस्तऐवज ही परिच्छेदांची एक लांबच लांब पट्टी असते. एन्टरची कळ दाबली की एक परिच्छेद संपतो. शीर्षक हाही तिच्या लेखी एक परिच्छेदच. फक्त तो एका ओळीचा आणि ठळक असतो इतकेच. पान भरेपर्यंत ओळी ओतायच्या, जागा संपली की नवे पान घ्यायचे, एवढे तिला कळते. ही ठळक ओळ पुढच्या मजकुराची आहे, मागच्या मजकुराची नाही, हे नाते वाचकाला एका दृष्टिक्षेपात उमगते. यंत्राला ते कोणी सांगितलेले नसते.

छापखान्यात हे नाते सांभाळणारा माणूस असे. शिशाचे खिळे जुळवणारा जुळारी आणि पान बांधणारा कारागीर यांना शीर्षक तळाशी ठेवायचे नाही, हे शिकवावे लागत नसे. ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या सारून ते मजकूर खाली ढकलत किंवा पट्ट्या काढून वर ओढत. वृत्तपत्राच्या कचेरीत तर ‘एक ओळ काढा’ हा निरोप संपादकीय विभागाकडे येतच असे. संगणक घरोघरी आला तेव्हा जुळाऱ्याचे काम आपल्या प्रत्येकाच्या हाती आले, त्याचे शिक्षण मात्र आले नाही.

त्यामुळे बहुतेक जण जे करतात ते असे. शीर्षक तळाशी दिसले की त्याच्या आधी कर्सर ठेवून एन्टर दाबत राहायचे. तीन-चार रिकाम्या ओळी झाल्या की शीर्षक पुढच्या पानावर जाते. काम झाले असे वाटते. मग वरिष्ठ पहिल्या पानावर दोन वाक्ये वाढवायला सांगतात. सगळा मजकूर खाली सरकतो आणि त्या चार रिकाम्या ओळी आता पुढच्या पानाच्या माथ्यावर, किंवा पानाच्या ऐन मध्यभागी, भगदाडासारख्या दिसू लागतात. कंट्रोल आणि एन्टर या कळा एकत्र दाबून सक्तीने पान तोडणे त्यापेक्षा बरे, पण त्याचीही गत तीच. आधीचा मजकूर कमी झाला की अर्धे पान कोरे राहते.

मजकूर कोणी बदलला नाही तरी पाने हलतात, ही गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांना अधिक जाचते. याचे कारण फॉन्ट. देवनागरीच्या ओळीला उंची जास्त लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. ही जागा किती सोडायची हे प्रत्येक फॉन्टचा कर्ता आपापल्या परीने ठरवतो. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा विंडोज २००० सोबत आलेला फॉन्ट ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडतो. विंडोज ७ सोबत आलेला ‘कोकिळा’ त्याच्या तुलनेत बराच आटोपशीर आहे. आकडा तोच, म्हणजे बारा किंवा चौदा, ठेवूनही मंगलमधील वीस पानांचा अहवाल कोकिळात कितीतरी कमी पानांत बसतो. विंडोज १० पासून तर मंगल हा प्रत्येक संगणकावर आपोआप असेलच असे नाही. तो देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात गेला आहे आणि मराठी किंवा हिंदी भाषा जोडल्यावर येतो. फॉन्ट नसला की संगणक गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतो. मजकूर वाचता येतो, म्हणून काही बदलले आहे अशी शंकाही येत नाही. बदललेली असतात ती पाने.

युनिकोडपूर्व काळातील फाइलींची कथा याहून वेगळी. पुण्याच्या सी-डॅकचे ‘सुरेख’, ‘योगेश’ यांसारखे फॉन्ट किंवा श्रीलिपी यांत केलेले जुने काम आज युनिकोडमध्ये रूपांतरित करताना अक्षरांची रुंदीच बदलते. ओळी नव्याने तुटतात, पाठोपाठ पानेही. जुन्या अहवालात रिकाम्या ओळी घालून शीर्षके बसवलेली असतील तर रूपांतरानंतर त्या सगळ्या हाताने काढाव्या लागतात. कागदाचा आकार बदलला तरी हेच घडते. न्यायालयीन कामात पिढ्यान्‌पिढ्या लांब ‘लीगल’ कागद वापरला गेला. त्याची लांबी १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. ए-फोर कागद २९७ मिलिमीटरचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-फोरचा स्वीकार केला. लांब कागदासाठी बनवलेला जुना नमुना ए-फोरवर आणला की प्रत्येक पानातून सुमारे सहा सेंटिमीटर मजकूर पुढे ढकलला जातो.

यावरचा उपाय नवा नाही. वर्डच्या जुन्या आवृत्त्यांतही तो होता. फक्त तो जेथे ठेवला आहे तेथे सहसा कोणी जात नाही. शीर्षकावर कर्सर ठेवावा. ‘होम’ या पट्टीवरील ‘पॅराग्राफ’ गटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चिमुकला बाण असतो, तो दाबावा. उघडणाऱ्या चौकटीत दुसरे पान ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ या नावाचे आहे. तेथे पान तुटण्याविषयीच्या चार सूचना आहेत.

पहिली सूचना एकट्या ओळींची. परिच्छेदाची पहिलीच ओळ पानाच्या तळाशी उरणे किंवा शेवटचीच ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर जाणे, हे दोन्ही ती टाळते. इंग्रजी छपाईत या ओळींना ‘ऑर्फन’ आणि ‘विडो’ म्हणतात. त्यांची ‘अनाथ ओळ’, ‘विधवा ओळ’ अशी भाषांतरे कधीमधी दिसतात. ती मराठीत न आणलेलीच बरी. ‘एकटी ओळ’ म्हटले की पुरते. वर्डमध्ये ही सूचना मुळातच चालू असते आणि तिचा हिशेब सोपा आहे : पानाच्या दोन्ही बाजूंना निदान दोन ओळी हव्यात. म्हणून चार ओळींचा परिच्छेद फक्त मधोमध तुटू शकतो आणि तीन ओळींचा तुटूच शकत नाही, तो सबंध पुढे जातो. पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा असूनही मजकूर खाली का आला नाही, असा प्रश्न पडतो त्याचे उत्तर बहुधा हेच असते.

दुसरी सूचना ‘कीप विथ नेक्स्ट’, म्हणजे हा परिच्छेद पुढच्या परिच्छेदापासून तोडू नये. शीर्षकाचे सगळे दुखणे या एका खुणेने बरे होते. तिसरी ‘कीप लाइन्स टुगेदर’, म्हणजे हा परिच्छेद मधेच तुटू नये. दोन ओळींच्या लांब शीर्षकाला किंवा उद्धृत केलेल्या लहान उताऱ्याला ती उपयोगी. चौथी ‘पेज ब्रेक बिफोर’, म्हणजे या परिच्छेदाने नेहमी नव्या पानावर सुरुवात करावी. ही प्रकरणाच्या शीर्षकासाठी. लिब्रे ऑफिसमध्ये हीच सोय परिच्छेदाच्या चौकटीतील ‘टेक्स्ट फ्लो’ या पानावर आहे आणि तेथे दोनऐवजी तीन किंवा चार ओळी हव्यात असेही सांगता येते. गुगल डॉक्समध्ये ती ओळींमधील अंतराच्या यादीत तळाशी सापडते.

‘कीप विथ नेक्स्ट’ लावूनही शीर्षक तळाशीच राहते, अशी तक्रार अनेक जण करतात. अशा वेळी आज्ञावलीला दोष देण्यापूर्वी शीर्षकाखाली काय आहे ते पाहावे. आपल्याकडे शीर्षकानंतर दोनदा एन्टर दाबण्याची सवय आहे. मधली मोकळी जागा त्यानेच येते. परंतु ती रिकामी ओळ हाही एक परिच्छेद आहे. ‘पुढच्याला धरून राहा’ असे सांगितल्यावर शीर्षक इमानेइतबारे त्या रिकाम्या ओळीला धरून बसते आणि खरा मजकूर पुढच्या पानावर निघून जातो. मोकळी जागा हवी असेल तर ती परिच्छेदाच्या गुणधर्मातच, ‘स्पेसिंग आफ्टर’ या रकान्यात आकडा घालून द्यावी. रिकाम्या ओळी एकदा हद्दपार झाल्या की निम्मी गुंतागुंत संपते. त्या शोधण्यासाठी ‘होम’ पट्टीवरील परिच्छेदचिन्हाचे बटण दाबावे. प्रत्येक एन्टर डोळ्यांना दिसू लागतो. शिवाय ज्या परिच्छेदावर वरील दुसरी, तिसरी किंवा चौथी सूचना लागू आहे त्याच्या डावीकडे, समासात, एक बारीक काळा चौकोन उमटतो. तो छापला जात नाही.

स्वाक्षरीच्या बाबतीत याच सूचनेचा वापर थोडा विचारपूर्वक करावा लागतो. मजकुराचा शेवटचा परिच्छेद, ‘आपला विश्वासू’, नाव आणि पद असे लागोपाठचे परिच्छेद असतात. यांतील शेवटचा सोडून बाकी सर्वांना ‘कीप विथ नेक्स्ट’ लावले की ते साखळीसारखे एकत्र राहतात. मजकुराच्या शेवटच्या परिच्छेदाला ही सूचना असल्याने स्वाक्षरीचा गट पुढच्या पानावर गेला तर जाताना निदान दोन ओळी सोबत नेतो. सहीसाठी जागा सोडायची ती येथेही रिकाम्या ओळींनी नव्हे, तर नावाच्या परिच्छेदाआधी तीस-चाळीस पॉइंटांचे अंतर देऊन. माहितीच्या अधिकारात कोणी प्रत मागितली तर पानामागे दोन रुपये पडतात. केवळ सहीचे कोरे पान वाचले तर मागणाऱ्याचे दोन रुपयेही वाचतात, हा वरकड लाभ.

उत्साहाच्या भरात सबंध दस्तऐवज निवडून सर्वांनाच ‘कीप विथ नेक्स्ट’ लावणारेही भेटतात. साखळी एका पानापेक्षा लांब झाली की आज्ञावली हतबल होते आणि जेथे पान संपेल तेथे तोडते. म्हणजे काहीच न सांगितल्यासारखे होते. उलट मधेच विचित्र कोरी जागा पडते, ती वेगळी. तुटू नये असे नाते थोड्याच ठिकाणी असते आणि तेथेच ते सांगावे.

प्रत्येक शीर्षकावर जाऊन ही खूण करत बसणे मात्र व्यर्थ श्रमाचे. वर्डमधील ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या तयार स्टाइलमध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ आणि ‘कीप लाइन्स टुगेदर’ आधीपासूनच दिलेले आहेत. अडचण एवढीच की या स्टाइल मराठी दस्तऐवजात दिसायला रुचत नाहीत. निळसर रंग, न आवडणारा फॉन्ट. म्हणून लोक त्या टाळतात आणि साध्या ओळीला ठळक करून, आकार वाढवून शीर्षक ‘बनवतात’. डोळ्यांना ते शीर्षक वाटते, संगणकाला वाटत नाही. स्टाइलच्या नावावर उजवी कळ दाबून ‘मॉडिफाय’ निवडले की रंग, फॉन्ट, आकार हवा तसा करता येतो. हे काम एकदाच. त्यानंतर दोनशे पानांतील प्रत्येक शीर्षक त्या नियमाने वागते.

याचा खरा फायदा होतो तो प्रबंध लिहिणाऱ्यांना. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झाले आणि परभणी जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आहे. समजा, चुडाव्यातील एखादी विद्यार्थिनी मराठीत प्रबंध लिहिते आहे. ती तो स्वतःच्या लॅपटॉपवर टंकित करणार, मार्गदर्शक आपल्या संगणकावर दुरुस्त्या करणार आणि छपाई व बांधणी तिसऱ्याच दुकानात होणार. तीन संगणक, कदाचित तीन निरनिराळे फॉन्टसंच. अनुक्रमणिका हाताने केली असेल तर तिच्यात चौथे प्रकरण ८७व्या पानावर आणि प्रत्यक्षात ९१व्या, असा प्रकार ठरलेला. शीर्षकांना स्टाइल दिली असेल तर अनुक्रमणिका आज्ञावली स्वतः तयार करते आणि पाने हलल्यावर एफ-नऊ ही कळ दाबून ती अद्ययावत करता येते. प्रकरणाच्या स्टाइलला ‘पेज ब्रेक बिफोर’ दिले की प्रत्येक प्रकरण नव्या पानावर येते. त्यासाठी एकही एन्टर खर्ची घालावा लागत नाही.

तक्ते आणि चित्रे यांचा नियम थोडा उलटसुलट आहे. तक्त्याचे नाव तक्त्याच्या वर असते, म्हणून ‘कीप विथ नेक्स्ट’ नावाला. चित्राचे नाव चित्राखाली असते, म्हणून तीच सूचना चित्र ज्या परिच्छेदात आहे त्याला. लाभार्थ्यांच्या यादीसारखा लांब तक्ता अनेक पानांवर जाणारच. तेथे तो अखंड ठेवण्याचा हट्ट धरू नये. पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ लावले की ‘अ. क्र., नाव, गट क्रमांक, रक्कम’ हे रकान्यांचे मथळे प्रत्येक पानावर पुन्हा येतात. शिवाय तक्त्याच्या गुणधर्मांतील ‘अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ ही खूण काढून टाकावी. नाहीतर एकाच लाभार्थ्याचे नाव एका पानावर आणि त्याची रक्कम पुढच्या पानावर, असा पेच उभा राहतो.

गणिती मजकुराच्या छपाईसाठी डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक्’ ही आज्ञावली तयार केली. तिने हा प्रश्न दंडाच्या भाषेत मांडला. एकट्या ओळीशी पान तोडण्याला मूळ स्वरूपात १५० गुणांचा दंड. दहा हजार गुण म्हणजे तेथे तोडणे सर्वस्वी निषिद्ध. कमीत कमी दंड होईल अशी जागा आज्ञावली शोधते. सर्व सूचना एकाच वेळी पाळता येतील असे पान नेहमी मिळत नाही, हे त्यात गृहीतच आहे. तळाशी चार ओळींची कोरी जागा राहणे हा दोष नव्हे. शीर्षकाने मजकुराची सोबत धरल्याचा तो परिणाम असतो. ती जागा भरण्यासाठी समास कमी करण्याच्या किंवा ओळींमधील अंतर आवळण्याच्या भरीस पडू नये. मराठीत अंतर ‘एक्झॅक्टली’ ठरवून फार आवळले तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत शिरतात, काही वेळा त्यांचे शेंडे कापलेले दिसतात.

फाइल पुढे कोणी दुरुस्त करणार नसेल तर सगळ्यांत सुरक्षित मार्ग पीडीएफचा. त्यात फॉन्ट सोबत जातो आणि पान जेथे तुटले तेथेच तुटलेले राहते. दुरुस्ती व्हायची असेल तर वर्डच्या ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या विभागात फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याची सोय आहे; फाइल जड होते, पण पूर्णेला किंवा नांदेडला तोच फॉन्ट उघडतो. मुद्रण करण्यापूर्वी कागदाचा आकार एकदा तपासावा, कारण विदेशी बनावटीच्या अनेक नमुन्यांत तो ए-फोरऐवजी २७९.४ मिलिमीटर लांबीचा ‘लेटर’ असतो, आणि प्रत्येक पानातील हा पावणेदोन सेंटिमीटरचा फरक स्वाक्षरीला पुढच्या पानावर ढकलायला पुरेसा होतो.